शेवटी कुणाचं तरी लेकरूच!

१ सप्टेंबर २०२५. गौरीपूजनाचा दिवस. पुरणपोळ्या लाटून कंबरेचा काटा ढिला झाला होता. जागराला आलेल्या बायका रात्री घरी गेल्या, तोच आमचे चिरंजीव मोबाईल नाचवत स्वयंपाकघरात आले. "आई, आला गं आला! इसाक आला! साडेबारा कोटी पौंड!"

सासूबाईंनी भाबडेपणानं विचारलं, "कोण आलाय रे? जेवायचा राहिलाय का?"

आम्ही हसून हसून बेजार! अलेक्झांडर इसाक हा स्वीडनचा खेळाडू. न्यूकॅसलनं त्याला लिव्हरपूलला दिला, त्याची ही बातमी. ब्रिटनमधल्या क्लबनं एका खेळाडूसाठी तोवर मोजलेली ही सगळ्यात मोठी रक्कम. आपल्या हिशेबात चौदाशे-पंधराशे कोटी रुपये.

"एवढे पैसे त्या पोराला?" सासूबाईंचा पुढचा प्रश्न.

"नाही आजी, त्याच्या जुन्या क्लबला. त्याला पगार वेगळा."

"म्हणजे पोरगं विकलंच म्हणायचं की!"

मैत्रिणींनो, मी हसले खरी, पण ते वाक्य मनातून जाईना. माझं माहेर कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं. पाटाकडील तालमीचा सामना असला की घरात चूलसुद्धा लवकर पेटायची. सासर गडहिंग्लजचं, तेही फुटबॉलवेडं. त्यामुळे मुलाबरोबर इंग्लंडचे सामने बघायची सवय लागायला वेळ लागला नाही. तिकडे दुपारचे साडेचार म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ, हिवाळ्यात दहा. भांडी आवरून बसायला अगदी सोयीची वेळ! बघता बघता मीही लिव्हरपूलची झाले आणि माझीही मतं तयार झाली. चाळिशी उलटलेल्या बाईला फुटबॉलमधलं काय कळतंय, असं आमचे हे म्हणतात. म्हणोत बापडे.

तर ही खरेदी-विक्री काही आजची नाही. १९०५ साली अल्फ कॉमन नावाच्या खेळाडूसाठी मिडल्सब्रोनं हजार पौंड मोजले, तेव्हाही लोकांनी भुवया उंचावल्या होत्या. १९७९ मध्ये ट्रेव्हर फ्रान्सिससाठी आकडा दहा लाखांवर गेला. पूर्वी तर करार संपला तरी जुना क्लब खेळाडूला अडवून ठेवू शकायचा. बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन त्याविरुद्ध कोर्टात गेला. १९९५ मध्ये युरोपच्या न्यायालयानं निकाल दिला, की करार संपला की खेळाडू मोकळा. जुन्या क्लबला त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. आज करार संपल्यावर खेळाडू ताठ मानेनं दुसरीकडे जातो, त्यामागे त्या एका माणसाचं भांडण आहे.

पण कायद्यानं मोकळं केलं म्हणून माणसं मोकळं करतात का? ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड हा लिव्हरपूल गावातलाच मुलगा. सहाव्या वर्षी क्लबात आला, वीस वर्षं तिथंच वाढला, सगळे मोठे चषक जिंकले. मे २०२५ मध्ये त्यानं सांगितलं, की करार संपतोय, आता मी जातो. पुढच्याच रविवारी तो मैदानात उतरला, तेव्हा स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आमचे चिरंजीवही टीव्हीसमोर 'गद्दार, गद्दार' म्हणून ओरडत होते.

मी म्हटलं, "बाळा, उद्या तू नोकरीसाठी पुण्याला गेलास आणि गल्लीतल्यांनी तुला गद्दार म्हटलं तर?"

"आई, ते वेगळं असतं गं."

वेगळं काय असतं, ते मात्र त्याला सांगता आलं नाही. राग येणं मी समजू शकते. आपलं माणूस निघालं की जीव तुटतोच. पण क्लबनं खेळाडू विकला की तो व्यवहार, आणि खेळाडू स्वतःहून गेला की ती गद्दारी, हा कुठला न्याय?

आता वर्तमानपत्रांचं बघा. उन्हाळ्यात आणि जानेवारीत खेळाडूंच्या अदलाबदलीचा मोसम असतो. तेव्हा रोज नवी बातमी. अमका तमक्या क्लबात जाणार, 'सूत्रांकडून समजते'. यातल्या कितीतरी बातम्या आठवड्यात विरून जातात. आपल्याकडं लग्न ठरण्याआधी गावभर स्थळांची चर्चा होते, तसंच हे. नळावरच्या गप्पांना छापील अक्षरं मिळाली की त्या खऱ्या वाटायला लागतात, एवढंच.

पण काही बातम्या विरत नाहीत, त्या बोचतात. माझी लेक पत्रकारिता शिकते. तिनं मला २०१८ सालचं एक उदाहरण दाखवलं. मँचेस्टर सिटीतल्या दोन तरुण खेळाडूंनी महागडी घरं घेतली. दोघांनीही आपापल्या आईसाठी. फिल फोडेन गोरा. त्याच्या बातमीत आईसाठी घर घेणारा गुणी मुलगा. तोसिन अडाराबायो काळा. त्याच्या बातमीत त्याचा पगार किती, घर केवढ्याचं, आणि अजून सामने तरी कुठे खेळलाय, असा सूर. त्यांचाच सहकारी रहीम स्टर्लिंग यानं दोन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवून जगाला दाखवल्या. आणि अशा बातम्या वर्णद्वेषाला खतपाणी घालतात, असं स्पष्ट लिहिलं.

स्टर्लिंग मूळचा जमैकाचा. तो दोन वर्षांचा असताना वडिलांचा खून झाला. आईनं इंग्लंडात हॉटेलांची साफसफाई करून मुलांना वाढवलं. शाळेआधी तोही बहिणीबरोबर आईला मदत करायला जायचा. अशा मुलाला आईसाठी घेतलेल्या घराची किंमत कळणार नाही तर कुणाला? पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी वर्षाचा उत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याचीच निवड केली.

आमच्या समुपदेशन केंद्रात मी हेच बघते. एका सुनेनं स्कूटी घेतली तर ती धडाडीची, दुसरीनं घेतली तर उधळी. कुणाची सून, कुठल्या घरातली, यावर शब्द ठरतात.

आणि शब्द किती खोल जखम करतात ते लिव्हरपूलला विचारा. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी झाली. त्यात लिव्हरपूलच्या सत्त्याण्णव चाहत्यांचा जीव गेला. चारच दिवसांनी 'द सन' या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर छापलं, की चाहत्यांनीच मेलेल्यांचे खिसे कापले. सगळं खोटं. लेकरं गेलेल्या आयांना वरून हे वाचावं लागलं.

त्यातल्या एक अ‍ॅन विल्यम्स. त्यांचा केव्हिन पंधरा वर्षांचा होता. सव्वातीनपर्यंत सगळे मरणाच्या दारात पोहोचले होते, त्यापुढचं तपासायची गरज नाही, असं सरकारी चौकशीनं ठरवलं. केव्हिन त्यानंतरही जिवंत होता, वेळेवर मदत मिळायला हवी होती, हे सिद्ध करण्यासाठी ही बाई वीस वर्षांहून जास्त झगडली. डिसेंबर २०१२ मध्ये न्यायालयानं जुने निकाल रद्द केले. एप्रिल २०१३ मध्ये कर्करोगानं त्या गेल्या. २०१६ मध्ये ज्युरींनी सांगितलं, की ते मृत्यू बेकायदेशीर होते आणि चाहत्यांचा काही दोष नव्हता. तो निकाल ऐकायला अ‍ॅन नव्हत्या. 'द सन'नं २०१२ मध्ये माफी मागितली, पण लिव्हरपूलमधले कितीतरी लोक त्या पेपराला आजही हात लावत नाहीत.

हे सगळं मी मुलाला एका रात्री सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. तेव्हापासून घरात एक नियम झालाय. खेळावर वाट्टेल तेवढी टीका करा. पास चुकला, गोल हुकला, खुशाल ओरडा. पण माणसाबद्दल काही वाचलं तर आधी विचारायचं, हे कोण सांगतंय आणि कशासाठी? आणि मोबाईलवर कुणाला शिवी लिहायच्या आधी आठवायचं, की हे त्याची आईही वाचेल.

आपल्या गावातल्या सामन्यांनाही हा नियम लावायला हरकत नाही. मैदानाच्या कडेला उभे राहून शिव्या देणारे आपलेच भाऊ, नवरे, मुलं असतात. त्यांना घरात बोलायचं काम आपलंच, नाही का?

सासूबाई मात्र अजून अधूनमधून विचारतात, "त्या विकलेल्या पोराचं काय झालं गं? बरा आहे ना?"

त्याची किंमत त्या केव्हाच विसरल्यात. पोरगं तेवढं लक्षात राहिलंय.