घाट उभा, वाडे खचले

काशीत मणिकर्णिका आणि पंचगंगा यांच्यामध्ये भोसले घाट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांनी तो बांधला. वर त्यांचंच लक्ष्मीनारायण मंदिर. जवळ ग्वाल्हेरकर शिंद्यांचा घाट. पुढे दुर्गाघाट, ब्रह्माघाट; तिथे तर पेशवाईपासून मराठी कुटुंबांची वस्ती. राजेरजवाड्यांनी घाट बांधले आणि वेदपठण, पौरोहित्य करणारी घराणी मागच्या गल्ल्यांत नांदली.

या गल्ल्यांतली घरं एकमेकांना चिकटून, कित्येकदा दोन घरांत भिंत एकच. एक घर ओस पडलं की पाणी शेजारच्या भिंतीत मुरतं. त्यात वाड्याचे वारस चार शहरांत पांगलेले. डागडुजी कोणी करायची? जुन्या भाडेकरूंच्या नाममात्र भाड्यात गच्चीची गळतीही थांबत नाही. मग वाडा विकला जातो आणि तिथे गेस्ट हाऊसची पाटी लागते.

थोड्या अंतरावर विश्वनाथ मंदिराभोवती तर गल्ल्याच गेल्या. २०२१ साली खुल्या झालेल्या विश्वनाथ धामासाठी सुमारे ३०० मिळकती घेऊन तिथली घरं पाडली गेली. पाडताना घरांच्या पोटात दडलेली ४० हून अधिक जुनी मंदिरं उजेडात आली. ती राखली गेली. त्यांना इतकी वर्षं सांभाळणारी घरं मात्र उरली नाहीत.

काशीला जाल तेव्हा गंगास्नानानंतर भोसले घाटाच्या पायऱ्या चढून मागच्या गल्लीतही जरूर डोकवा. घाट पुढेही दिसेल; या वाड्यांचं मात्र सांगता येत नाही.