देवाच्या सान्निध्यात रोजचे जीवन



देव सर्वत्र आहे, हे आपण बालपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. त्याविषयी आपल्यापैकी कोणाला शंका नाही. तरीही पहाटे उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत या सत्याची आठवण आपल्याला किती वेळा होते? रविवारी वेदीसमोर जो देव इतका निकट वाटतो, तो सोमवारी शेतात, खाणीत, कार्यालयात वा बाजारात कोठे जातो? तो कोठेही जात नाही; आपले लक्ष तेवढे दुसरीकडे जाते. हे लक्ष पुनःपुन्हा देवाकडे वळविण्याच्या सवयीला ख्रिस्ती परंपरेत ‘देवाच्या सान्निध्याचा सराव’ म्हणतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद २५६५) प्रार्थनेचे जीवन म्हणजे देवाच्या सन्निध राहण्याची सवय, असाच अर्थ सांगितला आहे.

वनप्रदेशातील श्रद्धावंत

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत राहणाऱ्या कुटुंबांसाठी हा विषय विशेष जिव्हाळ्याचा आहे. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. गावे विखुरलेली आहेत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा प्रदेशात चर्चची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहणारी कुटुंबे थोडीच असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी असे कामांचे चक्र फिरत राहते. अनेक कुटुंबे मिरची तोडणीच्या हंगामात तेलंगणात जातात. तेथे कित्येकदा रविवारही शेतातच उगवतो आणि शेतातच मावळतो.

पवित्र मिस्साबलिदान हा ख्रिस्ती जीवनाचा उगम आणि कळस होय. त्याची जागा दुसरे काहीही घेऊ शकत नाही. परंतु देव केवळ चर्चमध्येच भेटतो, अशी आपली समजूत असेल, तर वनप्रदेशातील श्रद्धावंताचे बहुतांश आयुष्य देवाविना जाते, असे म्हणावे लागेल. शुभवर्तमान तर असे सांगत नाही. जगाच्या अंतापर्यंत सदैव आपल्याबरोबर राहण्याचे वचन प्रभू येशूने दिले (मत्तय २८). त्या वचनाला अंतराची अथवा वाराची अट नाही.

पवित्र शास्त्रात या संदर्भात हागारेची कथा लक्षणीय आहे (उत्पत्ती १६). ती दासी होती, परक्या मुलखात होती, गरोदर होती आणि छळाला कंटाळून अरण्यात पळून गेली होती. तेथे मंदिर नव्हते, वेदी नव्हती, याजक नव्हता. होता तो केवळ पाण्याचा एक झरा. तेथेच देवाने तिची विचारपूस केली आणि तिने देवाला ‘पाहणारा देव’ असे नाव दिले. घरापासून दूर मजुरीला गेलेल्या प्रत्येक भगिनीने ही कथा आपली मानावी.

कार्मेलचा वारसा

चांद्याच्या मिशनला या साधनेचा वारसा आरंभापासूनच लाभला आहे. १९६२ साली येथे सिरो-मलबार मिशनक्षेत्र स्थापन झाले आणि ते सी.एम.आय. या कार्मेल परंपरेतील संघाकडे सोपविण्यात आले. १९७७ साली त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. संत कुरियाकोस एलियास चावरा (१८०५–१८७१) हे या संघाच्या संस्थापकांपैकी एक. २३ नोव्हेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. १८६८ साली कुटुंबांना उद्देशून लिहिलेल्या उपदेशपर लेखात त्यांनी सायंप्रार्थनेवर भर दिला आणि घरी पाहुणे आले तरी तिची वेळ चुकवू नये, असे बजावले. घर हेच देवाच्या सान्निध्याचे पहिले विद्यालय होय, हे त्यांनी ओळखले होते.

कार्मेल परंपरा एलिया संदेष्ट्याला आपला आदर्श मानते. जिवंत देवासमोर उभा असलेला सेवक, अशी एलिया स्वतःची ओळख करून देतो (१ राजे १७). हे शब्द तो मंदिरात उच्चारत नाही. राजाच्या समोर, दुष्काळाच्या उंबरठ्यावर उच्चारतो. त्यानंतर ओहोळाच्या काठी लपलेला असताना, विधवेच्या घरी मूठभर पिठावर दिवस काढताना आणि रानात निराश होऊन मरण मागतानाही तो त्याच देवासमोर उभा असतो.

मुदपाकखान्यातील साधक

याच परंपरेत सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे व्रतस्थ होऊन गेले. फ्रान्सच्या लॉरेन प्रांतात १६१४ च्या सुमारास जन्मलेले हे गृहस्थ तरुणपणी सैनिक होते. युद्धात जखमी झाल्याने ते कायमचे लंगडत चालत. धर्मगुरू होण्याइतके शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. मठात त्यांच्या वाट्याला मुदपाकखाना आला आणि उतारवयात पादत्राणे शिवण्याचे काम आले. स्वयंपाकाची त्यांना मुळीच आवड नव्हती. तरी भांड्यांच्या खडखडाटात, चार जणांच्या हाका एकाच वेळी येत असताना, त्यांनी देवाशी मनातल्या मनात बोलण्याची सवय लावून घेतली. कालांतराने कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत त्यांना भेद वाटेनासा झाला. १६९१ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांची पत्रे व संभाषणे प्रसिद्ध झाली आणि ते छोटे पुस्तक जगभर वाचले गेले. डिसेंबर २०२५ मध्ये लेबनॉनहून परतताना पोप लिओ चौदावे यांनीही आपल्या आध्यात्मिक जीवनाची ओळख करून देताना याच पुस्तकाचा उल्लेख केला.

ब्रदर लॉरेन्स यांच्या जीवनाला वळण मिळाले ते एका वृक्षामुळे. ते अठरा वर्षांचे असताना हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड त्यांच्या दृष्टीस पडले. या उघड्या फांद्यांना लवकरच पालवी फुटेल, फुले-फळे येतील, या विचाराने देवाच्या सामर्थ्याची आणि काळजीची जाणीव त्यांच्या मनावर कोरली गेली. आपल्या जंगलातील साग उन्हाळ्यात पाने गाळून उभा असतो, तेव्हा रान जणू मेल्यासारखे दिसते. त्याच दिवसांत निष्पर्ण मोहाच्या झाडाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो आणि गरिबाची चूल पेटते. लॉरेन्स यांना जे दर्शन एकदाच घडले, ते आपल्याला दरवर्षी घडते. पाहण्याची दृष्टी तेवढी हवी.

मराठी मनाला ही साधना अपरिचित नाही. दळता-कांडता देवाशी बोलणारी जनाबाई आणि मळ्यातील कामातच विठ्ठल पाहणारे अरणचे सावता माळी आपल्या मातीतच होऊन गेले. कष्ट आणि भक्ती यांची फारकत करू नये, हा त्यांचा धडा ख्रिस्ती माणसालाही मोलाचा आहे.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज असा की, देवाचे सान्निध्य म्हणजे एक प्रकारची गोड भावना. भावना येते आणि जाते. स्वतः ब्रदर लॉरेन्स यांची मठातील पहिली सुमारे दहा वर्षे मोठ्या मानसिक क्लेशात गेली; तरीही त्यांनी सराव सोडला नाही. ढग आले म्हणून सूर्य नाहीसा होत नाही. कोरड्या मनाने केलेले स्मरणही खरे स्मरणच असते.

दुसरा गैरसमज असा की, देव आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या शिपायासारखा आहे. चूक टिपण्यासाठी टपलेल्या देवाजवळ कोण आनंदाने राहील? स्तोत्र १३९ मधील देव माणसाला आईच्या उदरापासून ओळखतो. तान्हे बाळ अंगणात खेळत असताना आईची नजर जशी त्याच्यावर असते, तशी ही नजर आहे.

तिसरा गैरसमज असा की, देवाचे स्मरण ठेवायचे तर कामावरून मन काढून घ्यावे लागते. खुल्या कोळसा खाणीत डंपर चालविणाऱ्याचे लक्ष रस्त्यावरच असले पाहिजे. रुग्णाला इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेचे लक्ष सुईवरच असले पाहिजे. काम आरंभताना ते देवाला अर्पण केले की ते मन लावून करणे हीच प्रार्थना ठरते. प्रार्थनेच्या नावाखाली हयगय केलेले काम देवाला मान्य होत नाही.

भयाच्या वाटेवर

येथे एका कठीण प्रश्नाला सामोरे जावे लागते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यासाठी गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा बातम्या चंद्रपूर जिल्ह्यात वारंवार येतात. पोटासाठी पहाटे रानात जाणाऱ्या माणसाला आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे की देव तुझ्याजवळ आहे? जे गेले, त्यांच्याजवळ तो नव्हता काय?

देवाचे सान्निध्य हे संकटापासून वाचविणारे ताईत नव्हे, हे आपण स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. क्रुसावर स्वतः प्रभू येशूलाही पिता दूर गेल्यासारखे वाटले; परंतु त्याने त्या काळोखातही पित्यालाच हाक मारली. देव आपल्याला मृत्यूपासून दूर ठेवण्याचे नव्हे, तर मृत्यूतही न सोडण्याचे वचन देतो. म्हणून रानात एकट्याने न जाणे, वनविभागाच्या सूचना पाळणे, मुलांना मागे न नेणे ही दक्षता म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे. ती देवाने दिलेल्या बुद्धीचा आदर आहे. आणि ज्या घरातील माणूस गेला, त्या घरी जाऊन बसणे, पंचनाम्यासाठी व नुकसानभरपाईच्या कागदपत्रांसाठी धावपळ करणे हे शेजाऱ्यांचे कर्तव्य आहे. त्या दिवशी त्या घराला देवाचे सान्निध्य आपल्या रूपानेच कळणार असते.

सराव कसा करावा?

यासाठी मोठी तयारी लागत नाही. पुढील चार गोष्टी कोणालाही जमण्यासारख्या आहेत.

१. आरंभ: उठल्याबरोबर, मोबाईल हाती घेण्यापूर्वी, क्रुसाची खूण करावी. रानात शिरताना, बांधावर पाऊल ठेवताना, पाळी सुरू होताना, चूल पेटविताना तीच खूण सावकाश करावी.

२. लघुप्रार्थना: ‘प्रभू, माझ्याजवळ राहा’ यांसारखे आपल्या बोलीतील एक छोटे वाक्य निवडावे. ते मराठीत असो, गोंडीत असो वा माडियात. देवाला सर्व भाषा कळतात. रोवणीच्या ओळीबरोबर, चालण्याच्या पावलाबरोबर ते मनात म्हणावे. विसर पडला तर स्वतःवर रागावू नये. आठवण होताच पुन्हा आरंभ करावा.

३. व्यवहार: तेंदूचा पुडा ७० पानांचा असतो. मोजणाऱ्याने ती ७० मोजावी, घेणाऱ्याने त्यांचे दाम चोख द्यावे. मोहफुलांचे माप, मजुराची हजेरी, दुकानातील तराजू येथेही देव उपस्थित असतो. भुकेल्याला व परक्याला जे केले ते आपल्यालाच केले, असे प्रभूने सांगितले (मत्तय २५). ते ध्यानात घेतले तर खोटे माप टाकणारा हात आपोआप थांबेल.

४. दिवसाचा शेवट: रात्री कुटुंबाने एकत्र बसून जपमाळेची प्रार्थना करावी आणि क्षणभर शांत राहून विचारावे: आज देव मला कोठे भेटला? मी त्याला कोठे टाळले? अम्माऊसच्या वाटेवरील शिष्यांना प्रभू बरोबर चालत असल्याचे नंतरच उमगले (लूक २४). आपल्यालाही बहुधा रात्रीच उमगते की दिवसा कोण सोबत होते.

असा सराव करणारा माणूस रविवारी वेदीपाशी येतो तेव्हा रिकाम्या हातांनी येत नाही. आठवड्याचे कष्ट, भय, भांडण आणि आनंद तो भाकर व द्राक्षारसाबरोबर अर्पण करतो. आणि ज्याला महिनोन्‌महिने वेदीपाशी येता येत नाही, तोही ख्रिस्तसभेपासून तुटत नाही. मिरचीच्या शेतात कमरेत वाकलेला तो श्रद्धावंतदेखील जिवंत देवासमोर उभा असतो.

उद्या सकाळी हातातले पहिले काम सुरू करण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि जो आधीपासून तेथे आहे, त्याला ओळख द्या. प्रभू आपणा सर्वांना आपल्या सान्निध्यात राखो.