आधी तिथी बघा, मग गाडी काढा!

एप्रिलमध्ये मनालीहून लेहकडे निघायचं तर रस्त्यावरचा बर्फ कधी हटतो याची वाट बघत बसावं लागतं. अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधला ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता तर बहुतेक वर्षी पूर्ण उघडेपर्यंत जून संपत आलेला असतो. रायगडच्या किनाऱ्यावर फाल्गुन-चैत्रात कॅराव्हॅन घेऊन निघालात, तर वाट अडवतं ते भरतीचं पाणी. पण हे पाणी सहा तासांत बाजूला होतं, आणि कधी होणार ते भिंतीवरच्या कॅलेंडरात आधीच छापलेलं असतं.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सव्वासहा तासांनी पाणी तळाला जातं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, भरतीही त्याच्या मागोमाग सरकते, म्हणून हे गणित जमतं. नक्की वेळ छापील तक्त्यात बघायचीच, पण सहलीची तारीख ठरवायला पाऊणकी पुरेशी आहे.

आता यातली खरी मजा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, त्यामुळे ओहोटीला समुद्र लांबवर मागे जातो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फारसं हटतच नाही. तेव्हाची ओहोटी भर दुपारी सोयीची वाटते, पण वाट मोकळी होईलच असं नाही. म्हणून माझं ठाम मत: अलिबागला द्वितीया-तृतीयेला पोचा. तेव्हा उधाणाचा जोर अजून असतो, सकाळी साडेसात-आठच्या सुमारास समुद्र सर्वांत मागे असतो आणि ऊनही कोवळं असतं.

पायी जाण्याचा जलदुर्ग

ही सकाळ अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यासाठी राखून ठेवा. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याचं काम सुरू केलं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, घोडागाडीही मिळते. आत रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड पाण्याची विहीर आहे. पाणी तळाला जाण्याच्या तासभर आधी निघा, आणि ते चढायला लागलं की फोटो अर्धवट टाकून परत फिरा. गाडी मात्र रस्त्यावरच ठेवा. ओली वाळू वरून टणक दिसते, पण जड गाडीची चाकं तिच्यात रुततात आणि मग भरती कोणासाठी थांबत नाही.

परतताना किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा लक्षात असू द्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाबा वेधशाळेतल्या नाजूक चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला आलं. इमारतीसाठी दगडसुद्धा चुंबकत्व नसलेला निवडला होता!

गाडी बोटीवर

मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट जाते. गाडीसकट साधारण तासाभरात पलीकडे, पेण-वडखळचा फेरा वाचतो. पुढे राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी फेरीबोट आणि अगदी दक्षिणेला बागमांडला ते वेश्वी. उतरलात की रत्नागिरी जिल्हा लागला. गाडी उंच किंवा लांब असेल तर मापं आधी सांगून ठेवा. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण गावातल्या गल्ल्या बैलगाडीच्या काळातल्याच आहेत. रेवदंड्यात तर रस्ताच जुन्या पोर्तुगीज कोटातून जातो. मुक्कामाची जागा दिवसाउजेडी गाठा आणि सुपारीच्या वाडीत गाडी लावायची तर वाडीवाल्यांना आधी विचारा.

थांबावंच अशी ठिकाणं

आक्षी, अलिबागपासून जवळ. इथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात. मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते.

नवगाव. बेने इस्रायली या ज्यू समाजाचे पूर्वज गलबत फुटून याच किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

कोर्लई. पोर्तुगिजांनी १७४० मध्ये चौल सोडलं, पण खाडीपलीकडच्या या गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. पावणेतीनशेहून अधिक वर्षं एका छोट्या गावानं भाषा सांभाळली, याचं मला कुठल्याही तटबंदीपेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

फणसाड. मुरूडच्या नवाबांचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. नशीब असेल तर शेकरू दिसेल. राज्यप्राणी आहे, मान वर ठेवून चाला.

जंजिरा. राजपुरीहून शिडाच्या होडीनं जायचं. संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून तिथवर पोचायचा प्रयत्न केला होता. तरी किल्ला सिद्दींकडेच राहिला, थेट १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा पुढच्या खेपेवर ढकलू नका.

श्रीवर्धन. पेशवा बाळाजी विश्वनाथ इथला आणि नावाजलेली रोठा सुपारीही इथलीच.

हरिहरेश्वर. देवळामागच्या खडकांवरून जाणारी प्रदक्षिणा फक्त ओहोटीला करायची. लाटांनी कोरलेले कातळ बघण्यासारखे आहेत, पण इथे माणसं वाहून गेली आहेत. स्थानिकांनी नको म्हटलं तर हुज्जत घालू नका.

पोटोबा

या दिवसांत अलिबागच्या रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा भात कापल्यावर त्याच शेतात लावतात. चवीला गोडसर, कच्चाच खावा. गाडीत माळ टांगून ठेवली की हवा लागून चांगली टिकते.

रात्री दिवे विझवा

दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, म्हणजे नेमकी तुमच्या सहलीच्या दिवसांत. पिल्लं उजेडाच्या रोखानं चालतात, आणि समुद्राची चमक हाच त्यांचा उजेड असतो. किनाऱ्यालगत मुक्काम असेल तर गाडीचे हेडलाइट आणि बाहेरचे दिवे बंद ठेवा, वाळूत टॉर्च मारू नका, पिल्लू उचलून फोटो काढू नका. पिल्लं सोडतात ती बहुधा सकाळी किंवा संध्याकाळी. गावातल्या कासवमित्रांना वेळ विचारा आणि ते सांगतील तिथे, दोरीच्या मागे उभे राहा.