गारपिटीआधीचे घर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या ईशान्य भागात, बॉस्टन किंवा न्यू जर्सीच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हिमवादळाची वार्ता बहुधा दोन-तीन दिवस अगोदर कळते. तेवढ्या अवधीत दूध, पीठ, औषधे आणि विजेरी यांची बेगमी होते, दाराशी फावडे आणि मीठ येऊन पडते, आणि मग सावकाश, जणू वर्दी देऊन, वादळ येते. धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला हिम येत नाही. परंतु आकाशातून बर्फ कोसळण्याचा प्रसंग मात्र येतो, आणि तो इतक्या त्वरेने येतो, की आभाळ काळवंडल्यापासून पत्र्यावर पहिली गार वाजेपर्यंत अर्धा तास हाती लागला तरी तो पुष्कळ म्हणावयाचा. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यावर आणि राज्याच्या फार मोठ्या भागावर गारपिटीचे जे तडाखे एकामागून एक बसले, त्यांत काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, गहू-हरभरा मातीस मिळाला, द्राक्षांचे घड वेलीवरच फुटले आणि माणसे व गुरे दगावली. ते तडाखे ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनांतून त्या आठवणी अद्याप गेलेल्या नाहीत. पण त्या आठवणींबरोबरच काही समजही घराघरांत रुजून बसले आहेत, आणि त्यांतले कित्येक प्राणघातक आहेत. पिकाचा बचाव हा स्वतंत्र विषय आहे. येथे विचार करावयाचा आहे तो घराचा, घरातल्या माणसांचा आणि दावणीच्या जनावरांचा. आभाळ भरून आल्यावर एकच काम उरावे, ते म्हणजे आत येणे. बाकीचे सारे त्याआधी झालेले असावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

गैरसमज : आपला मुलूख उष्ण आणि कोरडा, बर्फाची धास्ती इथे कशाला?

वस्तुस्थिती : गारेला थंडी लागते खरी, परंतु ती जमिनीवरची नव्हे. माघापासून वैशाखापर्यंत आपली काळी जमीन तापत जाते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वेगाने वर चढू लागते, आणि अशा वेळी समुद्रावरून आलेला दमट वारा तिला येऊन मिळाला व वरच्या थरांत थंड, कोरडी हवा असली, म्हणजे दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच असा ढग काही घटकांत उभा राहतो. जमिनीपासून साधारण चार-पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली जाते. तेथे पाण्याचे थेंब थंड होऊनही काही काळ द्रवरूपच राहतात, आणि बर्फाचा एखादा कण त्यांच्यामधून फिरू लागला की ते त्याच्यावर गोठत जातात. खालून येणारा वाऱ्याचा झोत ते ओझे पेलू शकतो तोवर गार वाढत राहते, आणि पेलेनासा झाला की ती खाली येते. पाच मिलिमीटर व्यासाच्या वर असेल तिलाच शास्त्रात गार म्हणतात. लिंबाएवढी झालेली गार जमिनीवर येताना तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. तेव्हा उन्हाचा ताव हा गारपिटीपासून संरक्षण देणारा नसून, बहुधा तिची पूर्वतयारी करणारा असतो.

उष्ण मुलखांतच या आपत्तीने मोठे बळी घेतलेले आहेत. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद परिसरात ३० एप्रिल १८८८ रोजी झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. बांगलादेशातील गोपालगंज भागात १४ एप्रिल १९८६ रोजी एक किलोहून किंचित अधिक वजनाची गार पडली आणि ९२ जण दगावले. दोन्ही तारखा चैत्र-वैशाखातल्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

गैरसमज : गेल्या साली आमच्या शिवारात पडली; आता काही वर्षे भीती नाही.

वस्तुस्थिती : गारपिटीचा पट्टा बहुधा अरुंद असतो, एका गावाचे शिवार पांढरे होते आणि शेजारच्या गावात दोन थेंबही पडत नाहीत. यामुळे मागच्या वर्षी कोणते गाव सापडले यावरून यंदाचा हिशेब बांधता येत नाही. ढगाला गाव, गट नंबर किंवा गेल्या सालचा पंचनामा ठाऊक नसतो. बालाघाटाच्या पठारावर असो की सीनेच्या खोऱ्यात, परंड्यात असो की उमरग्यात, दर हंगामी तयारी तितकीच आवश्यक आहे.

गैरसमज : हवामान खात्याचा इशारा खोटा ठरतो, त्यापेक्षा आपला अनुभव बरा.

वस्तुस्थिती : जिल्ह्यासाठी दिलेला इशारा संपूर्ण जिल्ह्याचा असतो, आणि ढग त्यातल्या काही गावांवरच येतो, आपल्या गावावर आला नाही म्हणजे इशारा खोटा ठरला, हा निष्कर्ष न्यायाचा नव्हे. भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यांत पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे ताबडतोब कृती करा, असा अर्थ आहे. या दैनंदिन इशाऱ्यांखेरीज पुढच्या सुमारे तीन तासांपुरता तात्कालिक अंदाजही दिला जातो, आणि वादळी पावसाच्या बाबतीत तोच अधिक उपयोगी पडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आपल्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. घरातल्या शिकत्या मुलाने ते घ्यावे आणि शेतात गेलेल्या वडीलधाऱ्यांना फोन करण्याचे काम त्याच्याकडेच सोपवावे. आपला अनुभवही टाकाऊ नाही. मात्र त्याला मोजमापाची जोड द्यावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस एक किलोमीटर हे प्रमाण. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि आत जाण्याची वेळ झालेली आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत बाहेर पडू नये.

गैरसमज : डोक्यावर पत्रा आहे, वर दगड ठेवले आहेत, घाबरण्याचे कारण नाही.

वस्तुस्थिती : ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लोहारा आणि उमरगा तालुक्यांतील गावांनी जड माळवदांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली माणसे गाडली गेलेली पाहिली, त्यानंतर हलक्या पत्र्याविषयी लोकांच्या मनात विश्वास वाटू लागला असेल, तर तो समजण्याजोगा आहे. परंतु भूकंपात जे हलकेपण तारक असते, तेच वादळात घातक होते. गारपिटीपूर्वी आणि गारपिटीबरोबर सुटणारा सोसाट्याचा वारा सैल पत्रा उचलतो, आणि त्यावर वजन म्हणून ठेवलेले दगड खालच्या माणसांवर येतात. म्हणून दगड उतरवावेत, पत्रे वायसर घातलेल्या आकड्यांनी लोखंडी पाइपला घट्ट आवळून घ्यावेत, गंजलेला तुकडा वेळीच बदलावा. सिमेंटचा पत्रा जुना झाला की ठिसूळ होतो. मोठ्या गारेने त्याला भोक पडते, म्हणून त्याच्याखाली पाळणा किंवा आजाऱ्याची बाज ठेवू नये. गारा सुरू झाल्या की खिडक्यांपासून दूर, घरातल्या सर्वांत भक्कम भागात, छत पक्के असेल त्या खोलीत सगळ्यांनी जमावे. तशी खोलीच नसेल तर मजबूत पलंगाखाली मुलांना घ्यावे आणि मोठ्यांनी डोक्यावर गोधड्या-घोंगड्यांची जाड घडी धरावी.

माळवदाच्या घराची कथा वेगळी. पांढऱ्या मातीचे ते छत गार सोसते, परंतु गारांचा थर पन्हळीच्या तोंडाशी साचतो, पाणी अडते आणि मुरते. वादळ चालू असता वर चढून गारा लोटण्याचा मोह सर्वथा टाळावा. पन्हळी आधी मोकळ्या केलेल्या असाव्यात, आणि वादळ ओसरल्यावर छत झुकल्यासारखे किंवा तुळई करकरल्यासारखी वाटल्यास घर सोडून शाळा किंवा समाजमंदिरात आसरा घ्यावा.

गैरसमज : शेतात सापडलो तर झाडाचा आडोसा घ्यावा, निदान गारा तरी चुकतील.

वस्तुस्थिती : गारा काही अंशी चुकतील, वीज मात्र चुकणार नाही. उंच, एकटे झाड विजेला सर्वांत जवळचा मार्ग ठरते; ती खोडावरून शेजारच्या शरीरावर उडी घेते आणि मुळांजवळच्या जमिनीतूनही पसरते. चार पायांच्या जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यामुळे तो जमिनीतला प्रवाह त्याच्या छातीतून जातो, आणि म्हणूनच एका झाडाखाली दाटीने उभा असलेला शेळ्यांचा कळप एकाच क्षणी आडवा होतो. ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते आणि जिथे अनेक घरांची चूल शेळ्यांवर पेटते, तिथे ही गोष्ट गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असली पाहिजे. आभाळ गडगडू लागताच कळप गावाकडे वळवावा. मार्गशीर्ष अमावास्येच्या सणाला, येळवशीला, शेतात उभारलेली कडब्याची कोप उन्हाला आणि पूजेला पुरेशी असते, विजेला मुळीच नाही. पक्क्या छताचे घर, किंवा काचा मिटलेली, लोखंडी छताची मोटार, हीच दोन खरी आश्रयस्थाने होत; उघडा ट्रॅक्टर आणि दुचाकी ही नव्हेत. काहीच जवळ नसेल, तर सखल जागी, तारा, विहिरीचा पंप आणि कुंपण यांपासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, डोक्यावर पोत्याची चौघडी धरावी, परंतु जमिनीवर आडवे पडू नये. पायांतली रबरी चप्पल विजेपासून वाचवते, ही समजूत सोडून द्यावी. ढगापासून जमिनीपर्यंतचे अंतर ओलांडून येणाऱ्या शक्तीला बोटभर रबर अडवू शकत नाही.

गैरसमज : वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही धक्का बसतो.

वस्तुस्थिती : या एका समजुतीने वाचू शकणारी माणसे गमावली जातात. वीज क्षणार्धात निघून जाते. शरीरात प्रवाह साठून राहत नाही. हृदय किंवा श्वास थांबलेला असला, तर तत्काळ छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने आणि जलद, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, दाब द्यावा, आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस फोन करावा. देशाच्या काही भागांत जखमीला शेणात किंवा मातीत पुरून ठेवतात. त्यात जे मोलाचे क्षण जातात ते परत मिळत नाहीत. महावितरणच्या तुटलेल्या तारेला चिकटलेल्या माणसाची गोष्ट अगदी निराळी: तिथे प्रवाह चालूच असतो, आणि तो बंद झाल्याखेरीज जवळ जाता कामा नये.

गैरसमज : मोबाइल हातात असला की वीज पडते.

वस्तुस्थिती : मोबाइल वीज खेचत नाही, उलट संकटात तोच मदत बोलावतो. धोका आहे तो तारेचा. चार्जरला जोडलेला फोन, दूरदर्शनसंचाची छत्रीवरून आलेली तार, मोटार-स्टार्टर, नळाची लोखंडी पाइपलाइन यांना वादळात स्पर्श करू नये, आणि आभाळ भरताच यंत्रांच्या पिना काढून ठेवाव्यात.

गैरसमज : दहा मिनिटांची गारपीट, तिच्यासाठी घरात साठा कशाला?

वस्तुस्थिती : गारा दहा मिनिटांत थांबतात, त्यांनी पाडलेले विजेचे खांब पुढे कित्येक दिवस उभे राहत नाहीत. वीज गेली की नळयोजनेचा आणि बोअरचा पंप थांबतो, गावची पिठाची गिरणी बंद पडते, आणि कोठीत ज्वारी असूनही भाकरीला पीठ नसते. म्हणून फाल्गुन लागण्याआधीच आठवड्याचे पीठ दळून ठेवावे. पिण्याचे पाणी माणशी रोज किमान तीन-चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे झाकून ठेवावे. विजेरी आणि तिचे सेल, काड्यापेटी, मेणबत्त्या, चार्ज केलेली पॉवर बँक, रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे, जखमेसाठी पट्टी व जंतुनाशक हे जिन्नस एका डब्यात, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी असावेत. सातबारा, बँकेचे पासबुक, आधारपत्र, जनावरांच्या कानातील बिल्ल्याचे क्रमांक, हे सारे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लोखंडी पेटीत ठेवावे. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री दोरखंडाने आवळलेली असावी आणि चार दिवसांची वैरण गोठ्यातच काढून ठेवलेली असावी, कारण भिजलेला कडबा काळा पडतो आणि गारांत मार खाल्लेल्या जनावराला त्याच दिवशी चारा शोधीत फिरविणे निर्दयपणाचे होते.

गैरसमज : नुकसान झाले की सरकार आपोआप पंचनामा करते, आपण थांबावे, काही हलवू नये.

वस्तुस्थिती : तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्याकडे एकाच वेळी अनेक गावे येतात, ज्याची खबर दप्तरात नाही, त्याच्याकडे उशिरा पाहिले जाते. त्याच दिवशी लेखी कळवावे, तारीख-वेळ दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत, आणि मग घर राहण्याजोगे करण्यास हरकत नसावी. दगावलेल्या जनावराचे पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन होण्यापूर्वी ते पुरू नये. वीज पडून माणूस मृत्यू पावल्यास राज्यात वारसांना चार लाख रुपयांचे साहाय्य मिळते, परंतु त्यासाठी पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखाच्या भरात ही कागदपत्रे राहून गेली तर मागाहून फार खेटे घालावे लागतात. पीकविम्याच्या अटी वेळोवेळी बदलतात. गारपिटीची नोंद कशी व किती तासांत करावयाची, ते विमा उतरवितानाच विचारून लिहून ठेवावे.

मग ही सगळी तजवीज करावयाची केव्हा? आपल्या जिल्ह्यात मुहूर्त आयताच आहे. मार्गशीर्ष अमावास्येला, येळवशीला, सारे घर शेतात जाते, आंबील आणि भज्जीचा नैवेद्य होतो, काळ्या आईची पूजा होते. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत गारांचे दिवस सुरू होतात. त्या सणाच्या दुसऱ्या दिवशी घरच्या कर्त्या माणसांनी शिडी लावून पत्र्याचे आकडे आवळावेत, दगड खाली उतरवावेत, पन्हळी मोकळ्या कराव्यात, गोठ्याची कूड पाहावी. घरातल्या बाईने आणि मुलांनी तो एक डबा भरून ठेवावा, आणि गडगडाट ऐकताच कोणी शेळ्या वळवावयाच्या, कोणी म्हाताऱ्या आजीला आतल्या खोलीत न्यावयाचे, हे नावानिशी ठरवून टाकावे. एवढे झाले, म्हणजे चैत्रातल्या एखाद्या दुपारी आभाळ काळवंडून येईल तेव्हा कोणालाही छपरावर चढावे लागणार नाही, कोणी तारेवरचे कपडे काढण्यासाठी अंगणात धावणार नाही. सगळे आत असतील, आणि दाराची कडी लावण्यापूर्वी माणसे मोजून घेण्यास तो अर्धा तास पुरेसा होईल.