आश्विनातील हातकाम

पावसाळ्याचे चार महिने मराठी घरातील हातकामाला फारसे मानवत नाहीत. कागदाला ओल धरते, डब्यातले बिस्किट दुसऱ्याच दिवशी सादळते, मुलांनी भिंतीवर चिकटवलेले चित्र खालच्या कोपऱ्यातून सुटून वर वळते. नवरात्र सरता सरता मात्र हवा पालटते. दुपारचे ऊन अंगाला चटका देते खरे. पण सकाळ कोरडी असते आणि उजेड धुऊन काढल्यासारखा स्वच्छ असतो. आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांचा हा शरद ऋतू. त्याचे चांदणे कवींनी पुष्कळ वर्णिले आहे. घर चालवणाऱ्या माणसाला त्याची ओळख पटते ती निराळ्या खुणांनी: सकाळी बरणीतले तूप थिजलेले, रवाळ दिसते आणि खळीने चिकटवलेला कागद तासाभरात वाळून ताठ होतो. मुलांना हाताशी घेऊन नानखटाई करावी, आकाशकंदील बांधावा, किल्ला उभारावा आणि या साऱ्याची छायाचित्रे काढावीत, हे सर्व याच दिवसांत चांगले साधते. ते का साधते, हे आज सांगावयाचे आहे. त्याच ओघात छायाचित्रांच्या बाबतीत आमच्या घरात दोन पिढ्या होत आलेली एक चूकही सांगेन.

प्रथम नानखटाई. चकली, करंजी, शंकरपाळे, अनारसे ही दिवाळीच्या फराळातली सारी तळणीची मंडळी. भट्टीत भाजावयाची अशी नानखटाई त्यांच्यात जवळजवळ एकटीच. तिच्या नावातला ‘नान’ हा शब्द फारशी असून त्याचा अर्थ रोटी. तिचा उगम सुरतेच्या बेकऱ्यांशी जोडला जातो. आमच्या लहानपणी घरोघर भट्टी नव्हती. मैदा, तूप आणि साखर घेऊन बायका गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पावाच्या बेकरीत जात, तेथेच पीठ फेसून पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडत आणि ट्रेच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी ठेवत. पावाचा घाणा निघून भट्टी उतरणीला लागली की हे ट्रे आत जात. विटांची भट्टी उष्णता पुष्कळ वेळ धरून ठेवते. पावाला लागणारी प्रखर आच ओसरल्यावर उरते ती मंद आच, आणि नानखटाईला नेमकी तीच हवी असते. आपल्या ट्रेवर लक्ष ठेवण्याचे काम मुलांकडे असे. ते काम आम्ही फार गंभीरपणे करीत असू, कारण शेजारच्या ट्रेमधली नानखटाई नेहमीच आपल्यापेक्षा मोठी दिसते.

त्या भट्ट्या आता कमी होत चालल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. हवेचा विचार करता त्याविरुद्ध बोलता येणार नाही. नानखटाई विजेच्या भट्टीतही उत्तम होते; त्या वासासाठी रांगेत उभे राहणे तेवढे संपते.

पदार्थ दिसावयास सोपा आहे, पण बिघडतो तो एकाच कारणाने. आपल्या हाताला पोळीची सवय असते. पोळीची कणीक तिंबावी लागते, कारण गव्हातील प्रथिने पाण्याच्या संगतीने आणि मळण्याने एकमेकांत गुंतून त्यांचे चिवट जाळे तयार होते; ते जाळे आहे म्हणूनच पोळी लाटता येते. नानखटाईत हेच जाळे होऊ द्यावयाचे नसते. म्हणून पाणी वर्ज्य. तूप मैद्याच्या कणाकणाला वेढून बसते आणि प्रथिनांना एकमेकांपर्यंत पोचू देत नाही. जिभेवर ती विरघळते ती त्यामुळे. दोन वाट्या मैद्याला (त्यातच चार चमचे बेसन) एक वाटी पिठीसाखर आणि वाटीला थोडे कमी थिजलेले तूप पुरते. तूप आणि साखर परातीत तळहाताने फेसावयाची, इतकी की तुपाचा पिवळेपणा जाऊन ते पांढरे, हलके व्हावे. या फेसण्यात हवेचे बारीक बुडबुडे तुपात अडकतात. तूप पातळ असेल तर ते अडकत नाहीत. म्हणून पुण्यात हे काम सकाळी करावे. दिल्ली किंवा ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना कार्तिकात उलट परात घटकाभर उन्हात ठेवावी लागेल. मग चिमूटभर सोडा आणि तो खुलवण्यापुरते चमचाभर दही, वेलची, जायफळ, आणि शेवटी मैदा घालून पीठ केवळ एकत्र आणावयाचे. मळावयाचे नाही. सुमारे १६० ते १७० अंश सेल्सियसवर १५ ते २० मिनिटे. वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, आतला भाग त्यानंतरही फुगत राहतो आणि पापुद्रा तडकतो. त्या भेगा म्हणजे दोष नव्हे. भट्टीतून काढताना नानखटाई मऊच असते. पुष्कळजण ती कच्ची समजून परत आत ढकलतात आणि मग दगड खातात. दहा मिनिटे हात न लावता थांबणे, हा या पाककृतीतला मुलांसाठी सर्वांत अवघड भाग.

आता कंदील. बाजारात तो तयार मिळतो, सुंदर मिळतो, आणि तो आणणाऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण घरी बांधलेल्या कंदिलात जी भूमिती आहे ती वहीत भेटण्याच्या आधी हातात आली तर मूल ती विसरत नाही. जुन्या पद्धतीच्या कंदिलाला सारख्या लांबीच्या २४ कामट्या लागतात. नऊ इंचांची कामटी घरासाठी बेताची. चार चार कामट्यांचे सहा चौकोन बांधावयाचे आणि ते कोपऱ्याला कोपरा लावून जोडावयाचे. एक चौकोन माथ्यावर, एक तळाशी, उरलेले चार बाजूंना आपापल्या टोकावर उभे. असे केले की मधल्या मोकळ्या जागांत आठ त्रिकोण कोणी न बांधता आपोआप तयार होतात. ते पहिल्यांदा मोजताना मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. हिशेब असा: चौकोनांच्या २४ गाठी आणि चौकोन एकमेकांना जोडणाऱ्या १२, एकूण ३६.

एवढे करून सांगाडा उचलावा तर तो लटपटतो. याचे कारण चौकोन. तीन काठ्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काठ्यांचा चौकोन जरा रेटला की तिरका होतो. मग कंदील ताठ उभा राहतो कशाने? कागदाने. पतंगाचा कागद इतका हलका की त्याचा आधार वाटू नये. पण कागद ताणला जात नाही, आणि चौकोन तिरका व्हावयाचा तर त्याचा एक कर्ण लांबावा लागतो. चारही बाजूंनी चिकटलेला कागद तो कर्ण लांबू देत नाही. येथे शरदाची कोरडी हवा कामाला येते. खळीच्या ओलाव्याने कागद किंचित फुगतो आणि सैल दिसतो, मुले हिरमुसतात. वाळताना तो आक्रसतो आणि डफासारखा ताणून बसतो. श्रावणात हाच कागद दिवसभर लोंबत राहील. माथ्याचा आणि तळाचा चौकोन उघडा ठेवावयाचा तो पणतीच्या काळापासून: तापलेली हवा वरून निघून जावी आणि खालून ताजी यावी. आता आत विजेचा दिवा असतो, तरी वाट मोकळी असलेलीच बरी. झिरमिळ्या सर्वांत शेवटी. त्या मुलांच्या मर्जीप्रमाणे होऊ द्याव्यात; रंगसंगतीचा आग्रह मोठ्यांनी घरी धरू नये.

किल्ल्याविषयी थोडक्यात सांगते, कारण तो मुलांचाच प्रांत आहे. विटा, दगड, चिखलात बुडवलेले गोणपाट, उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी, चार-पाच दिवसांत त्यांची हिरवळ, माथ्यावर महाराजांची मूर्ती आणि पायऱ्यांवर मावळे. मोठ्यांनी तेथे पाणी आणून द्यावे आणि विचारले तरच बोलावे.

छायाचित्र घेताना मात्र मोठ्यांना थोडे ज्ञान असलेले बरे. किल्ल्याचे चित्र बहुतेक घरांत दुपारी, सवड मिळाल्यावर आणि उभ्यानेच घेतले जाते. म्हणून ते मातीच्या ढिगाचे चित्र दिसते. दिवाळीच्या सुमारास पुण्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास असतो. वस्तूची सावली तिच्या उंचीच्या निम्म्याहून थोडीच मोठी पडते, आणि बुरूज, तट, दरवाजा सारे सपाट होते. सूर्योदयानंतर तासाभराने तीच सावली वस्तूच्या चौपट असते. अभ्यंगस्नान उरकून घर फराळाला बसते ती हीच वेळ. पाच मिनिटे उठावे, सूर्य आपल्या एका बाजूला घ्यावा आणि जमिनीवर कोपरे टेकून मावळ्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून किल्ला पाहावा. पावसाने हवेतील धूळ खाली बसवलेली असते, म्हणून या दिवसांत सावलीच्या कडा रेखीव येतात. उत्तरेतील मोठ्या शहरांत दिवाळीच्या सुमारास दाट धुरके असते. तेथे हे सुख नाही.

कंदिलाचे चित्र पूर्ण अंधारात घेऊ नये. काळ्या पडद्यावर एक पांढरा डाग उमटतो, एवढेच. सूर्य मावळल्यावर आपल्याकडे संधिप्रकाश २०-२२ मिनिटेच टिकतो. त्याच्या मध्यावर कधीतरी आकाशाचा निळा उजेड आणि कंदिलातला दिवा यांची तेजस्विता एकमेकींच्या जवळ येते. तेव्हा कागदाचा रंगही दिसतो आणि मागचा गच्चीचा कठडाही. फ्लॅश बंद ठेवावा, कारण तो कागदावर बाहेरून उजेड टाकून आतला उजेड मारतो. मोबाइल स्टुलावर पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला तरी हात हलण्याचा दोष जातो.

आता ती चूक. माझ्या वडिलांकडे बडोद्यास तयार झालेला आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. एका फिल्मवर बारा चौकोनी चित्रे निघत. बारांत वर्षाचे सारे सण, एखादे लग्न आणि एखादा प्रवास बसवावयाचा; त्यामुळे कंदिलाच्या वाट्याला एकच चित्र येई आणि ते अर्थातच पुरा झालेल्या, टांगलेल्या कंदिलाचे. वडील कॅमेऱ्याच्या मागे असत, म्हणून त्यांचे हात कोठेच नाहीत. पुढे माझ्या हाती मोबाइल आला. त्यात बारांची मर्यादा नव्हती. तरीही मी दर वर्षी पुरा झालेला कंदील आणि त्याखाली नवे कपडे घालून उभी राहिलेली मुलगी, एवढेच टिपत राहिले. कामट्या तासणारे, दोरा ओढणारे वडील समोरच्या खोलीत बसलेले असत. ते मला कामाचे वाटले, चित्राचे वाटले नाहीत.

ते गेल्यानंतरच्या आश्विनात मी आणि मुलगी कामट्या घेऊन बसलो. चौकोन होतात, पण गाठी सरकतात. दोऱ्याला खळ लावून पाहिली, वेढे वाढवले. सहावा चौकोन होईपर्यंत पहिला सुटे. छायाचित्रांची पाकिटे काढली, मोबाइलमधली चित्रे मोठी करून पाहिली. प्रत्येक चित्रात कोपऱ्यावर झिरमिळ्या होत्या.

शेवटी माळ्यावर त्यांच्या हातचा एक जुना सांगाडा सापडला. कागद फाटून गेला होता, कोपरे घट्ट होते. गाठ समजून घ्यावयाची तर ती सोडावी लागणार होती. मी जरा वेळ घुटमळले. मग मुलीला म्हटले, “तू फोटो काढ, दर वेढ्याला एक,” आणि सुईने दोरा उकलू लागले. वरून दिसत होते ते मला माहीत असलेलेच: एका कर्णावर तीन वेढे, दुसऱ्या कर्णावर तीन. त्यांच्याखाली दडलेली गोष्ट वेगळी होती. दोन कामट्यांच्या मधल्या फटीतून दोरा ओवून, त्या सहाही वेढ्यांना कमरेशी आवळणारे दोन आडवे वेढे होते. कामट्यांना न घालता दोऱ्यालाच घातलेले. ते ओढले की आधीचे सारे वेढे एकदम ताणले जातात आणि गाठीला सरकण्याची जागाच उरत नाही.

मुलीने काढलेली चित्रे चौदा भरली. तीन हललेली आहेत, एकात माझा अंगठाच मोठा आला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेवटून पहिल्याकडे पाहत आम्ही पहिला चौकोन बांधला. संध्याकाळपर्यंत सहाही झाले. जुन्या सांगाड्याचा जो कोपरा मी सोडला होता, तो तिने पुन्हा बांधून दिला. घरात पांढरा दोरा संपला होता, म्हणून ती एक गाठ लाल आहे.