कोळिकोडचा अपघात: चाकं उघडली होती, इंधनही होतं

7 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग 737 भर पावसाळी हवेत कोळिकोडला उतरलं, धावपट्टीचं टोक ओलांडून खाली कोसळलं आणि त्याचे तुकडे झाले. विमानातल्या 190 जणांपैकी 21 दगावले. कॅप्टन दीपक साठे आणि सहवैमानिक हेही त्यांत होते.

साठे नागपूरचे, हवाई दलाचे माजी विंग कमांडर. अपघातानंतर लगेच एक मजकूर फिरू लागला: चाकं उघडलीच नाहीत, साठ्यांनी तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, म्हणून आग लागली नाही. चौकशी अहवाल येऊनही ही गोष्ट मरत नाही. चाकं व्यवस्थित उघडली होती. विमान त्यांच्यावरच टेकलं. ‘घिरट्या’ म्हणजे उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून पुन्हा वर जाणं आणि दुसऱ्या खेपेला उलट बाजूने येणं. टाक्यांत दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं इंधन होतं. आणि एवढ्या विमानाचं इंधन तीन फेऱ्यांत संपतं, हा हिशेब तरी कुणी केला?

मग झालं काय? विमान अपघात अन्वेषण ब्युरोचा अहवाल 2021 च्या सप्टेंबरात जाहीर झाला. त्यानुसार दुसऱ्या खेपेला 14 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 26 किलोमीटर वारा पाठीमागून होता. पाठीमागचा वारा जमिनीवरचा वेग वाढवतो. विमान 165 नॉट वेगाने टेकलं, तेही धावपट्टीच्या सुरुवातीपासून 4,438 फूट पुढे. धावपट्टी 8,858 फुटांची. म्हणजे निम्मी वाया गेली आणि उरलेली ओली. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना केली होती, ती मानली गेली नाही.

‘पावसानेच घात केला’ हेही अर्धवट. 22 मे 2010 ला मंगळूरला असंच विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, 158 माणसं गेली. त्या सकाळी पाऊस नव्हता. दोन्हीकडची धावपट्टी पठारावरची. अशी धावपट्टी चूक घडवत नाही, चुकीला माफी तेवढी देत नाही. म्हणून अशा वेळी उतरणं सोडून वर जाणारा वैमानिक कच्चा नसतो; तो नियम पाळतो.

उलट टोकाचा गैरसमज असा, की सगळा दोष एकट्या साठ्यांचा. मुख्य कारण म्हणून अहवालाने कार्यपद्धती न पाळल्याचं नोंदवलं आहे खरं. पण पहिल्या प्रयत्नात त्यांच्या बाजूच्या काचेचा वायपर बंद पडला होता. कोळिकोडला कॅप्टन अपुरे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाणही साठ्यांच्याच नावावर होतं, म्हणजे तिथेच उतरण्याचं दडपण होतं, हेही त्याच अहवालात आहे.