शाळेचे दप्तर आणि नवा संगणक

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. गेल्या वर्षी शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता, तोच आर्णी तालुक्यातील एक पालक कार्यालयात आले. ते आपल्याच वसतिगृहात राहून शिकलेले. २००१ साली दहावी होऊन गेलेले. मुलीच्या जात पडताळणीच्या प्रस्तावास जोडण्यासाठी त्यांना स्वतःचा प्रवेश-निर्गम उतारा हवा होता. लिपिकांनी नवा संगणक सुरू केला, रजिस्टरच्या जुन्या सॉफ्टवेअरवर क्लिक केले आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ एवढाच की, हा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकत नाही. जुना संगणक मे महिन्यातच बंद पडला होता. राहिले कागदी जनरल रजिस्टर. त्या वर्षांचे रजिस्टर कार्यालयाचे छप्पर गळल्यामुळे एका पावसाळ्यात भिजलेले; पाने एकमेकांस चिकटलेली आणि शाई पसरलेली. पालक म्हणाले, "सर, शुक्रवारपर्यंतच मुदत आहे."

जात पडताळणीत एका टी.सी.ला किती महत्त्व असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. तरीही नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख आधारभूत मानली जाते. त्यामुळे पुरावा पिढ्यांच्या साखळीने मागे न्यावा लागतो : आजोबांच्या जन्माची कोतवाल बुकातील नक्कल, मग वडिलांचा दाखला, मग मुलाचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर कोणा गुरुजींनी रजिस्टरात 'महार' लिहिले, कोणी 'बौद्ध', तर कोणी 'नवबौद्ध'. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हावयास १९९० साल उजाडले. म्हणून त्या रकान्यात नेमका कोणता शब्द, कोणत्या सालात, कसा लिहिला आहे, यावर एखाद्या मुलीचा प्रवेश अवलंबून असतो.

मी इतिहासाचा शिक्षक. संगणकाशी माझा संबंध निकालपत्रके भरण्यापुरता. परंतु दप्तर बंद पडले म्हणजे इतिहासाचा शिक्षक गप्प बसू शकत नाही. आपल्या शाळेचे तरुण संगणक शिक्षक आणि पुण्यात नोकरी करणारा एक माजी विद्यार्थी यांच्या मदतीने पुढील काही आठवडे जे शिकलो, ते येथे मांडतो. जिल्ह्यातील इतर आश्रमशाळांच्या कार्यालयांतही अशी बंद पडलेली सॉफ्टवेअर्स असणार, म्हणून हा प्रपंच.

प्रथम कारण पाहू. आपले सॉफ्टवेअर सुमारे १९९९ मध्ये एका स्थानिक संगणक केंद्राने 'फॉक्सप्रो' या भाषेत तयार करून दिले होते. ते केंद्र आज अस्तित्वात नाही. त्या काळातील फॉक्सप्रो १६-बिट पद्धतीचे होते. बिट म्हणजे संगणक एका वेळी किती लांबीची माहिती हाताळतो, त्याचे माप असे ढोबळमानाने समजावे. विंडोज ९८ आणि नंतरचे ३२-बिट विंडोज एक्सपी हे १६-बिट प्रोग्रॅम सांभाळून घेत असत. त्यासाठी त्यांच्या पोटात एक दुभाष्या ठेवलेला होता. ६४-बिट विंडोजमध्ये तो दुभाष्याच नाही, आणि विंडोज ११ तर केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची सुरक्षा-सेवा संपणार असल्यामुळे आपण नवा संगणक विंडोज ११ चा घेतला. निर्णय योग्य होता. पण जुने सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

अशा वेळी सर्वप्रथम 'कम्पॅटिबिलिटी'चा उपाय सुचविला जातो. प्रोग्रॅमवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडावयाचे आणि त्यात जुन्या विंडोजचे नाव निवडावयाचे. प्रोग्रॅम ३२-बिटचा असेल तर हा उपाय पुष्कळदा लागू पडतो, म्हणून करून जरूर पाहावा. मात्र त्यात एक खाच आहे. जुने प्रोग्रॅम आपली माहिती 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरातच लिहीत असत. विंडोज व्हिस्टापासून तेथे लिहिण्यास बंदी आली, आणि विंडोज ते लेखन गुपचूप प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतंत्र कप्प्यात वळवू लागले. परिणाम असा की, लिपिकांनी आपल्या लॉगिनमधून भरलेल्या नोंदी मुख्याध्यापकांच्या लॉगिनमध्ये दिसत नाहीत, आणि दोघेही एकमेकांना दोष देतात! असे सॉफ्टवेअर त्या फोल्डराबाहेर, सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात बसवावे. आपल्या १६-बिट प्रोग्रॅमला मात्र या कशाचाच उपयोग नव्हता.

येथे मला सम्राट अशोकाचे स्तंभ आठवले. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात टोपरा आणि मेरठ येथील स्तंभ मोठ्या परिश्रमाने दिल्लीस आणविले. अक्षरे ठळक होती, दगड शाबूत होता. पण दरबारच्या पंडितांपैकी एकालाही ती लिपी वाचता आली नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, तेव्हा कुठे लेख बोलू लागले. आपल्या संगणकाचेही तेच झाले होते. नोंदी एका वस्तूत असतात आणि त्या वाचणारा प्रोग्रॅम ही दुसरी वस्तू असते. प्रोग्रॅम मेला म्हणजे नोंदी मेल्या, असे नव्हे.

बंद संगणकाचा केवळ वीजपुरवठ्याचा भाग जळला होता. हार्ड डिस्क चांगली होती. यवतमाळहून आणलेल्या एका जोडणी-केबलने ती नव्या संगणकास जोडली आणि काहीही न उघडता प्रथम संपूर्ण फोल्डरच्या दोन प्रती दोन पेनड्राइव्हवर घेतल्या. ही पायरी कोणीही गाळू नये. फॉक्सप्रोच्या नोंदी 'डीबीएफ' नावाच्या फायलींत असतात आणि हा प्रकार सर्वपरिचित आहे. लिबरऑफिस हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्या थेट उघडते. आम्ही उघडल्या. रांगा आणि रकाने बरोबर होते, जन्मतारखा दिसत होत्या; पण नावांच्या जागी मात्र युरोपीय भाषांतील टोपीवाल्या अक्षरांचा गोंधळ होता.

त्याचे कारण मराठी संगणकाच्या इतिहासात आहे. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' तंत्रज्ञान विकसित झाले. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानकही ठरले. तथापि बाजारात चालले ते निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. फॉन्ट असेपर्यंत ते मराठी. फॉन्ट गेला की केवळ खुणा. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी विंडोज २००० पासून आली, तेव्हा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी भरून झाल्या होत्या. सुदैवाने जुन्या डिस्कवर तो फॉन्ट सापडला. तो नव्या संगणकावर बसवून रकान्यांस लावला आणि पहिलेच नाव उमटले : सिद्धार्थ.

हेच नाव पुढे आमची कसोटी ठरले. जुन्या फॉन्टमध्ये दिसेल तसे टंकले जाई. म्हणजे ऱ्हस्व वेलांटी 'स'च्या आधी आणि रफार 'थ'च्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. वेलांटी 'स'च्या मागून येते आणि रफाराचा 'र' 'थ'च्या आधी. रूपांतर करणारा प्रोग्रॅम हा क्रम चुकला की नाव मोडते. आणखी एक गोष्ट रकान्याच्या लांबीची. जुन्या फॉन्टमध्ये एका तुकड्यास एक बाइट लागे, तर प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात. 'बौद्ध' या शब्दास पंधरा बाइट हवेत. जातीचा रकाना दहाचा असेल, तर रूपांतरित शब्द मध्येच तुटतो. म्हणून रूपांतरित नोंदी जुन्या फायलीत परत न भरता नव्या तक्त्यात घेतल्या.

जन्मतारखांचे संकट सर्वांत कपटी, कारण ते दिसत नाही. मूळ फायलीत तारीख वर्ष-महिना-दिवस अशी निःसंदिग्ध असते. ती साध्या मजकुरात काढून अमेरिकी मांडणीच्या एक्सेलमध्ये उघडली की दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. आपल्याकडे कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै, कारण प्रवेशाच्या दिवशी गुरुजींनीच ती ठरविलेली! ती सारी मंडळी एका रात्रीत ६ आणि ७ जानेवारीला जन्मली असती. संगणकाची तारीख-मांडणी भारतीय करूनच हे काम करावे.

मूळ सॉफ्टवेअर जसेच्या तसे पाहण्याची गरजही होतीच, कारण उताऱ्याचा नमुना त्यातच होता. त्यासाठी 'व्हर्च्युअलबॉक्स' या विनामूल्य साधनाचा उपयोग झाला. ते संगणकाच्या आत दुसरा कल्पित संगणक उभा करते. त्यात आपल्याकडील परवानाप्राप्त सीडीवरून ३२-बिट विंडोज एक्सपी बसविले, जुने फोल्डर आणि फॉन्ट ठेवले आणि कार्यक्रम सुरू झाला. या एक्सपीस इंटरनेट मुळीच जोडलेले नाही. त्याची सुरक्षा-सेवा ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली आहे. प्रोग्रॅम डॉसचा असेल, तर 'डॉसबॉक्स' हा हलका पर्याय आहे. पण तो मुळात जुने खेळ चालविण्यासाठी बनला. त्यात पाहणी करावी, नव्या नोंदी भरू नयेत.

त्या पालकांना मात्र शुक्रवारी उतारा देता आला नाही. आमचे काम पुढच्या बुधवारी झाले. पडद्यावरील नोंद आणि भिजलेल्या पानावरील पुसट अक्षरे मुख्याध्यापकांनी भिंगाखाली ताडून पाहिली, तेव्हाच सही केली. कायद्याने आधार कागदी रजिस्टरचा. संगणक ही त्याची नक्कल. समितीकडे त्यांनी मुदत वाढवून मागितली आणि ती मिळाली.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर 1900 रोजी १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. ती नोंद आजही उघड्या डोळ्यांनी वाचता येते; तिला ना फॉन्ट लागतो, ना वीज. म्हणून आपणही आता प्रत्येक वर्षाचा युनिकोड तक्ता चांगल्या कागदावर छापून, बांधून, मुख्याध्यापकांच्या सहीने लोखंडी कपाटात ठेवीत आहोत. मूळ डीबीएफ फायली, फॉन्ट आणि एक्सपीची सीडी यांचा डबाही तेथेच आहे.

ताडणीचे काम दर शनिवारी शाळा सुटल्यावर चालते. एक शिक्षक कागदावरून मोठ्याने वाचतो, दुसरा पडद्यावर पाहतो. भिजलेल्या रजिस्टरातील पुष्कळ नोंदी अजून जुळलेल्या नाहीत. १९९५ ते २००३ या काळात शाळा सोडलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मूळ टी.सी.ची झेरॉक्स प्रत कार्यालयात आणून द्यावी. मूळ प्रत देऊ नये. दाखवून परत घेऊन जावी.